एक नग गहाळ

निवृत्तीला सहा दिवस.
डेडस्टॉक रजिस्टर उघडं,
पानं उडू नयेत म्हणून वर
ओव्हरहेड प्रोजेक्टरचं भिंग ठेवलंय.
मे महिना. सोलापूर. आज बेचाळीसच, म्हणजे तसं बरंय.
शिपाई गवळी एकेक वस्तू उचलून दाखवतो,
मी खूण करतो.

एपिडायस्कोप, एक. चालू? नाही.
स्लाइड प्रोजेक्टर, दोन. एकाच्या पोटात पाल.
लाकडी शटरचा टीव्ही.
किल्ली माझ्या खिशात आहे,
कुलूप कुठल्या साली गेलं कुणास ठाऊक.

माझा बाप साखर पेठेत जेकार्डचे पुठ्ठे टोचायचा.
भोक, किंवा भोक नाही.
एवढ्या दोनच अक्षरांत त्यानं
आयुष्यभर चादरीवर मोर लिहिले.
एक भोक चुकलं की मोराची मान तुटायची.
मग तो कागदाचा कपटा खळीनं चिकटवायचा,
फुंकर मारायचा, पुढं टोचायचा.
विभागात पहिला संगणक आला तेव्हा
पुण्याहून आलेला पोरगा तासभर शून्य-एक समजावत होता.
मी मान हलवत राहिलो,
नाकात खळीचा वास.

पीएच.डी. मात्र मोरावर करता आली नाही.
'छात्राध्यापकांच्या सूक्ष्म अध्यापनावर
चित्रफितीद्वारे दिलेल्या प्रत्याभरणाचा परिणाम.'
परिणाम आढळला.
०.०५ स्तरावर सार्थक.

निंगव्वा हत्तुरे. अक्कलकोटच्या पलीकडची, घरी कन्नड.
सहा मिनिटांचा पाठ, इयत्ता चौथी, वनस्पतीचे अवयव.
म्हणाली, ही झाड बघा.
ही झाड आपल्याला सावली देती.
वर्ग हसला.
मी रिवाइंड केलं.
ही झाड.
पुन्हा रिवाइंड. लिहा निरीक्षण तक्त्यात,
भाषाशुद्धी, पाचपैकी किती?
ही झाड ही झाड ही झाड
पडद्यावर तिचा हात फळ्याकडे जायचा, परत यायचा,
धोट्यासारखा.
ती पहिल्या बाकावर. पडद्याकडे बघत नव्हती,
रिमोटकडे बघत होती.

आणि हे कुणी केलं,
तर ज्याच्या आईनं मरेपर्यंत
'दूध आली, यमूलचं पोरगं, भांडं आण' म्हटलं,
त्यानं.

सोमवारी ती आली नाही.
प्रबंधात तळटीप आहे, पान १३७:
एक घटक गळाला. न = ११९.

नंतर पुष्कळ झालं.
जिल्हा परिषदेच्या मास्तरांना माउस धरायला शिकवलं,
मग स्मार्ट बोर्ड, मग टॅब,
लॉकडाऊनमध्ये दोनशे शिक्षकांना
एकमेकांना म्यूट कसं करायचं ते.
राज्य पुरस्कार मिळाला, अंगावर घातलेली शाल
सोलापूरची नव्हती.
दर प्रशिक्षणात बायकांच्या रांगेकडे
जरा जास्त वेळ बघायचो.
अक्कलकोट तालुक्याची यादी आधी मागवायचो.
हत्तुरे तीन निघाल्या. तिघीही वेगळ्या.

व्हिडिओ कॅसेट, चाळीस.
गवळी मोजतो. एकोणचाळीस.
पुन्हा मोजतो, बोटाला थुंकी लावून, जणू नोटा.
मी काही बोलत नाही.
ती माझ्या घरी आहे, वरच्या फळीवर,
बापाच्या उरलेल्या पुठ्ठ्यांखाली.
लावायला यंत्र नाही.
आणि कपटा कुठं चिकटवायचा
ते फितीवर बाहेरून दिसत नाही.

लिही, म्हटलं, एक नग गहाळ.
किंमत?
रजिस्टरात पंच्याऐंशी रुपये होती. भरले.
पावती पाकिटात, आधार कार्डाच्या मागं.

बाहेर आलो. स्कूटर कडुनिंबाखाली,
सीट तापलं नव्हतं.
ही झाड, म्हटलं,
जरा मोठ्यानं.
गवळीनं कुलूप लावता लावता वळून पाहिलं
आणि दुरुस्त केलं नाही.